एका हाय-फायमधली घूं-घूं : कुठून शिरली, कशी सापडली

तक्रार एका ओळीची होती: सिस्टीम चालू केली की घूं-घूं होतं. त्याआधी महागडी आरसीए केबल (मधे पिन, भोवती कडी अशा प्लगची ऑडिओ केबल) घालून झाली होती, मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, फिल्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणून झाला होता, दोन्हींनी काडीचाही फरक पडला नव्हता. पडणार कसा? ती एक घूं-घूं नव्हतीच. चार वेगळे आवाज चार वेगळ्या वाटांनी येऊन एकात एक मिसळले होते. सारख्या ताकदीचे चार आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद झाला, तर एकूण पातळी जेमतेम सव्वा डेसिबलने उतरते. कानाला ते कळतही नाही. त्यातून सगळे मेन्सच्याच वारंवारितेचे असले तर ते एकमेकांना थोडेफार कापतही असतात, म्हणजे एक दुरुस्त केल्यावर घूं-घूं वाढूही शकते. योग्य दुरुस्ती करूनही माणूस 'हे नव्हतं वाटतं' म्हणून ती परत उलटी फिरवतो, ते यामुळेच.

मांडणी अशी होती. इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, तीन पिनांच्या प्लगचा, म्हणजे बॉडी अर्थ केलेली. टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेअरवर) मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईच्या थरथरीचा सिग्नल करणारा भाग), तिथून स्वतंत्र फोनो स्टेज (तो बारीक सिग्नल वाढवणारी डबी); टर्नटेबल आणि फोनो स्टेज या दोघांना दोन पिनांचे छोटे अडॅप्टर. लॅपटॉप यूएसबीने डॅकला (डिजिटल आवाजाचा अॅनलॉग सिग्नल करणाऱ्या डबीला) जोडलेला. लॅपटॉपचा अडॅप्टर तीन पिनांचा, डॅकला स्वतःचा दोन पिनांचा. टीव्हीच्या हेडफोन सॉकेटमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला एक केबल, आणि टीव्हीत केबल नेटवर्कची वायर, म्हणजे कोअ‍ॅक्स. खोलीच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (खोल सुरांचा, स्वतःच्या विजेवर चालणारा स्पीकर), पाच मीटर आरसीए केबलवर, त्याचा तीन पिनांचा प्लग तिथल्याच भिंतीतल्या सॉकेटमध्ये. खाली दिलेले आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे आहेत. ६० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर १०० च्या जागी १२० वाचावं, पद्धत तीच.

हत्यारं फार लागली नाहीत. मिलिव्होल्ट एसी मोजणारा ट्रू-आरएमएस मल्टिमीटर, ०.०१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवणारा. शॉर्टिंग प्लगच्या दोन जोड्या. साध्या आरसीए प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडी आतून सोल्डरने जोडली की झाला शॉर्टिंग प्लग. दीड मीटर वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. आणि एक वही. वही गंमत म्हणून नाही. दहाव्या जोडणीनंतर तिसऱ्या जोडणीत आवाज कसा होता हे कुणालाच आठवत नाही.

कशालाही हात लावण्याआधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं. सॉकेटमध्ये अर्थच पोचलेला नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीवर, आतल्या फिल्टरच्या दोन वाय-कपॅसिटरमधून (मेन्सच्या तारा आणि बॉडी यांच्यामध्ये बसवलेल्या), मेन्सच्या निम्म्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. मीटर शंभरच्या वर दाखवतो, बोटाला झिणझिण्या येतात, आणि मग घूं-घूं शोधण्यात हशील नसतो, आधी इलेक्ट्रिशियन. इथे अर्थ ठीक होता. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा 'उपाय' इथे कुठेही केलेला नाही. त्याने घूं-घूं खरंच जाते, हे कबूल करायला हवं. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं तर बॉडीवर पूर्ण मेन्स येतं आणि फ्यूज उडत नाही. त्याहून वाईट म्हणजे आरसीए केबलने जोडलेल्या बाकीच्या सगळ्या पेट्यांच्या बॉडीवरही तेच येतं.

आवाज ऐकायचा कसा

पहिला दुभाजक म्हणजे व्हॉल्यूमचा नॉब. नॉब फिरवल्याने घूं-घूं कमी-जास्त होत असेल तर ती नॉबच्या आधी शिरते. होत नसेल तर नंतर. दुसरा दुभाजक म्हणजे सूर. निव्वळ ५० हर्ट्झ मऊ, खोल 'ऊं' असा असतो आणि बहुधा चुंबकीय क्षेत्रातून येतो. १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला आवाज धारदार, भुंग्यासारखा. तो रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) किंवा अर्थ लूपमधून, म्हणजे अर्थच्या वायरी आणि केबल मिळून झालेल्या बंद वेढ्यातून, वाहणाऱ्या वेड्यावाकड्या प्रवाहाचा.

इथे कानाची एक खोड लक्षात ठेवावी लागते. ५० हर्ट्झचा आवाज ऐकू यायला साधारण ४४ डेसिबल पातळी लागते, १०० हर्ट्झला सुमारे २७, आणि १००० हर्ट्झला जेमतेम २ ते ३. म्हणून मीटरवर मोठा दिसणारा ५० हर्ट्झ कानाला सापडत नाही आणि मीटरवर क्षुल्लक दिसणारी १५० किंवा २५० हर्ट्झची भणभण रात्री झोपमोड करते. मीटर फरक मोजायला वापरायचा. कोणता आवाज आधी घालवायचा हे कानाने ठरवायचं.

वहीत चार नोंदी झाल्या. एक, सबवूफरमधून सतत खोल घूं, व्हॉल्यूमशी संबंध नाही. दोन, सगळ्या इनपुटवर बारीक भुंगा, व्हॉल्यूमबरोबर वाढणारा, ऑक्सवर सगळ्यात जास्त. तीन, डॅकच्या इनपुटवर चिरचिर, लॅपटॉपचा माउस हलवला की सूर बदलणारी. चार, फोनोवर मोठी घूं, डाव्या स्पीकरमध्ये उजव्यापेक्षा खूपच जास्त. या चौथ्या नोंदीची शेवटची बाजू सगळ्यात बोलकी होती, पण तिच्याकडे आधी कुणी पाहिलंच नव्हतं. दोन्ही चॅनलना सारखीच जमीन (ग्राउंड, म्हणजे सिग्नलचा शून्य) असताना एकच चॅनल गुणगुणत असेल तर दोष त्या चॅनलच्याच वायरीत असतो.

रिकाम्या अ‍ॅम्प्लिफायरपासून

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या केबल उपटल्या. नुसतं इनपुट बदलून भागत नाही, कारण सिलेक्टर फक्त मधली, सिग्नलची तार बदलतो. सगळ्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्या आत कायमच्या एकत्र असतात. निवड डॅकची असली तरी टीव्हीच्या केबलमधून येणारा प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरच्या जमिनीवरून वाहतच असतो. केबल उपटताना अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवलेला बरा. आरसीएची मधली पिन आधी जुळते आणि कडी मागाहून, तेवढ्या क्षणात स्पीकरला जबर धक्का बसतो.

इनपुटला शॉर्टिंग प्लग लावून, फक्त स्पीकर ठेवून अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. ट्वीटरला कान लावल्यावर हलकी सळसळ, वूफरला कान लावल्यावर पुसटसा १०० हर्ट्झ, एक मीटरवर काहीच नाही. स्पीकर टर्मिनलवर ०.४ मिलिव्होल्ट. हा तळ, याच्या खाली कुठलाही उपाय जाऊ शकत नाही, आणि त्याची गरजही नव्हती. (मीटरऐवजी लॅपटॉपवर स्पेक्ट्रम बघायचा मोह होतो. बऱ्याच क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या) अ‍ॅम्प्लिफायरचं काळं टर्मिनल जमीन नसतं, त्यावरही सिग्नल असतो. तिथे साउंड कार्डची जमीन टेकवली तर आउटपुट स्टेज जाते.)

मग एकेक जोडणी परत आणली, दर वेळी एकच.

सबवूफर

नुसती सबवूफरची केबल जोडताच पहिली घूं परतली. केबल सबवूफरच्या बाजूने काढली की सबवूफर गप्प, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सप्लायचा दोष नाही. केबल काढलेली ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या आरसीए कडीपासून सबवूफरच्या कडीपर्यंत मीटर धरला: ३४ मिलिव्होल्ट एसी. दोन्ही कड्या आपापल्या प्लगमधून अर्थला जोडलेल्या आहेत, तरी त्यांच्यात व्होल्टेज आहे. भिंतीतल्या अर्थच्या वायरीला रोध असतो, आणि घरातल्या प्रत्येक स्विचिंग सप्लायचा फिल्टर त्या वायरीत थोडा थोडा गळतीचा प्रवाह सोडत असतो. राउटर, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, सगळेच.

पाच मीटर केबलच्या शील्डचा (मधल्या तारेभोवतीच्या, कडीला जोडलेल्या जाळीचा) रोध मीटरला २० मिलिओम धरला तर ०.१ ओम. परतीच्या अर्थ वायरी धरून सगळ्या वेढ्याचा ०.३ ओम. ३४ मिलिव्होल्ट भागिले ०.३, म्हणजे केबल जोडताच शील्डमधून ११३ मिलिअँपिअर वाहणार, आणि शील्डच्या ०.१ ओमवर ११ मिलिव्होल्ट पडणार. सबवूफरला हे ११ मिलिव्होल्ट संगीतापासून वेगळे ओळखता येत नाहीत. त्याच्या लेखी शील्ड म्हणजे शून्य. १ व्होल्टच्या सिग्नलसमोर ते उणे ३९ डेसिबल आहेत आणि व्हॉल्यूमच्या नॉबनंतर शिरतात, म्हणून शांत संगीत असो की मोठं, घूं तेवढीच. शील्ड जाड, रोध कमी अशी चांगली केबल घेतली असती तर थोडा फरक पडलाही असता. पण बदललेली केबल सबवूफरची नव्हतीच.

उपाय फुकटचा निघाला. सबवूफरचा प्लग लांब वायरीने अ‍ॅम्प्लिफायरच्याच बोर्डवर आणला, वायर आरसीए केबलच्या बरोबरीने पण हातभर अंतर ठेवून नेली. कड्यांमधला फरक २.४ मिलिव्होल्टवर आला, शील्डवर पडणारा भाग एका मिलिव्होल्टच्या आत, आणि घूं ऐकायच्या जागेवरून गेली. हे जमलं नसतं तर १:१ चा लाइन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देऊन दोन जमिनी तोडणारा) सबवूफरच्या टोकाशी घालायचा बेत होता. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला घालू नये. त्याच्या पुढे लांब केबल आली की तिचं कपॅसिटन्स ट्रान्सफॉर्मरला ओढावं लागतं. आणि स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर ४० हर्ट्झखाली ढेपाळतो, म्हणजे सबवूफरचं कामच तो खातो.

टीव्हीची कोअ‍ॅक्स

ऑक्सची केबल जोडली, भुंगा आला. टीव्हीचा प्लग काढला, भुंगा तसाच. कोअ‍ॅक्स काढली, भुंगा गेला. टीव्ही मेन्सपासून तोडलेला असतानाही घूं-घूं करतो हे पाहिल्यावर माणूस चक्रावतो. पण इथे टीव्ही केवळ एक पूल आहे: कोअ‍ॅक्सचं शील्ड दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेलं, तिथून टीव्हीची जमीन, ऑक्स केबलचं शील्ड, अ‍ॅम्प्लिफायरची बॉडी, आपल्या सॉकेटचा अर्थ. टीव्ही चालू की बंद याच्याशी प्रवाहाला देणंघेणं नाही.

कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या कडीपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीपर्यंत ०.९ व्होल्ट एसी आले. हे मोजताना मीटर आधी सगळ्यात वरच्या एसी रेंजवर ठेवायचा. वाटेतल्या वितरण अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ तुटला असेल तर कडीवर चांगलंच व्होल्टेज असू शकतं, आणि हे कोअ‍ॅक्स हातात धरल्यावर कळणं बरं नव्हे.

बाजारात कोअ‍ॅक्ससाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो. आतली तार आणि शील्ड दोन्हींत छोटे कपॅसिटर; टीव्हीचा सिग्नल जातो, ५० हर्ट्झ अडतं. केबल नेटवर्कला तो चालतो. डिशच्या लाइनवर मात्र नाही, कारण डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) रिसीव्हरकडून त्याच तारेने १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातात आणि कपॅसिटर ते अडवतो. चित्रच येणार नाही. इथे आयसोलेटरची वेळ आली नाही. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट होतं, डॅकला ऑप्टिकल इनपुट मोकळं होतं. काचेत किंवा प्लास्टिकच्या धाग्यात प्रवाह वाहत नाही, प्रश्नच मिटला. ऑक्सची केबल कायमची काढली.

ऑप्टिकल जोडल्यावर पहिल्यांदा आवाजच आला नाही. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'ऑटो'वर होतं आणि टीव्ही डॉल्बी पद्धतीने बांधलेला आवाज पाठवत होता. दोन चॅनलच्या डॅकला तो उलगडता येत नाही. 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) केल्यावर चालू झालं. दुसरी मेख पुढची: सिनेमा पाहायला लॅपटॉपमधून टीव्हीला एचडीएमआय केबल लावली की तिच्या शील्डमधून कोअ‍ॅक्सचा प्रवाह लॅपटॉप, यूएसबी, डॅक अशा वाटेने परत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये येतो. तो पूलही पुढच्या उपायाने तुटला.

लॅपटॉपची चिरचिर

लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवला, चिरचिर तत्क्षणी बंद. पाच सेकंदांचं निदान. तीन पिनांच्या अडॅप्टरमुळे लॅपटॉपची जमीन अर्थला जोडलेली, तिथून यूएसबीच्या शील्डने डॅक, डॅकच्या आरसीएने अ‍ॅम्प्लिफायर, पुन्हा अर्थ. वेढा तोच, फक्त या वेढ्यात ५० हर्ट्झऐवजी लॅपटॉपच्या प्रोसेसरचा क्षणाक्षणाला बदलणारा प्रवाह फिरतो. माउस हलवला की सूर बदलतो तो यामुळे. यूएसबीचे स्वतःचे ठोकेही त्यात मिसळतात: फुल स्पीडला सेकंदाला १०००, हाय स्पीडला ८०००. बारीक, स्थिर शिट्टी ऐकू आली तर हे दोन सूर आधी तपासावेत.

ऐकताना अडॅप्टर काढून ठेवणं हा बिनखर्चाचा आणि पूर्ण प्रामाणिक उपाय आहे. कायमच्या सोयीसाठी यूएसबी आयसोलेटर घातला. ते घेताना गोष्ट अशी की एडीयूएम ४१६० या चिपचे आयसोलेटर फक्त फुल स्पीड म्हणजे १२ मेगाबिटवर चालतात. डॅक हाय स्पीडवर अडून बसला तर लॅपटॉपला तो दिसतच नाही. या डॅकवर यूएसबी ऑडिओ क्लास १ चा (फुल स्पीडवर चालणाऱ्या पद्धतीचा) खटका होता. तो केल्यावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत सगळं चाललं. डॅक यूएसबीच्याच विजेवर चालणारा असता तर आणखी एक अडचण होती. असल्या छोट्या आयसोलेटरमधला कन्व्हर्टर बहुधा एका वॅटचा, म्हणजे ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर. त्यापेक्षा भुकेला डॅक सुरूच होत नाही किंवा अधूनमधून तुटतो.

डॅकच्या दोन पिनांच्या अडॅप्टरचं काय? त्यातही मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये वाय-कपॅसिटर असतोच. २.२ नॅनोफॅरड धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून १५९ मायक्रोअँपिअर गळतात. आरसीएचं शील्ड आणि प्लगचा संपर्क मिळून ०.०५ ओम; पडलेलं व्होल्टेज ८ मायक्रोव्होल्ट. डॅकच्या २ व्होल्टसमोर ते उणे १०८ डेसिबल. सोडून दिलं. हाच १५९ मायक्रोअँपिअर टर्नटेबलकडे गेला की काय करतो, ते आता.

टर्नटेबल : खरी डोकेदुखी

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून १ किलोहर्ट्झला साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात. डॅकच्या २ व्होल्टच्या चारशेव्या भागाइतके. फोनो स्टेज ते १०० पट वाढवते, शिवाय आरआयएए वक्रानुसार (रेकॉर्डसाठी ठरलेल्या प्रमाणानुसार) खालचे सूर आणखी उचलते: ५० हर्ट्झ १ किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबल जास्त. म्हणजे संगीत १०० पट आणि घूं-घूं ७०० पट. दुसऱ्या कुठल्याही इनपुटवर दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट इथे दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

फोनो स्टेजच्या आउटपुटवर मीटर: डावा ५८ मिलिव्होल्ट, उजवा ४. टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) केबल काढून इनपुटला शॉर्टिंग प्लग लावले: दोन्ही ०.२५. फोनो स्टेज निर्दोष, गडबड टर्नटेबलकडे. केबल परत जोडली आणि टर्नटेबलचा अडॅप्टर भिंतीतून उपटला (नुसता टर्नटेबलवरचा खटका बंद करून चालत नाही, अडॅप्टर सॉकेटमध्ये चालू असेपर्यंत गळती चालूच): डावा एकदम उजव्याच्या बरोबरीला आला. म्हणजे डाव्या चॅनलमधून अडॅप्टरची गळती वाहत होती. पण तिला वाट कशी मिळाली? तिच्यासाठी तर टर्नटेबलची वेगळी ग्राउंड वायर असते, आणि ती फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट आवळलेली दिसत होती.

दिसत होती इतकंच. कार्ट्रिजसकट हेडशेल (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग) काढून ठेवलं, कारण ओहममीटर कार्ट्रिजच्या वेटोळ्यांना लागता कामा नये. मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजमधल्या केसासारख्या तारेचा त्यात निकाल लागू शकतो. मग टोनआर्मच्या नळीपासून ग्राउंड वायरच्या टोकापर्यंत कंटिन्यूटी (वायर अखंड आहे का ते) पाहिली. काही नाही, मीटर उघडं. वायर हळूच ओढल्यावर दिसलं: टोकाच्या, स्क्रूखाली अडकवायच्या चिमट्याच्या आत, इन्सुलेशनखाली, तांब्याच्या बटा तुटल्या होत्या. प्लास्टिक अखंड असल्याने बाहेरून वायर धडधाकट. स्क्रू दर वेळी ढिला करून आवळताना चिमटा फिरतो आणि वायर पिळली जाते, त्याची ही पावती.

उरलेला धागा कार्ट्रिजमध्ये होता. काही कार्ट्रिजांत एका चॅनलच्या ऋण पिनेपासून धातूच्या बॉडीपर्यंत एक छोटी पट्टी असते, म्हणजे बॉडी आपोआप जमिनीला जोडली जाते. इथे ती डाव्या चॅनलवर, निळ्या वायरीच्या पिनेवर होती. (रंग बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात: पांढरा डावा धन, निळा डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवा उजवा ऋण.) ग्राउंड वायर तुटल्यावर गळतीचा प्रवाह अडॅप्टरमधून टर्नटेबलच्या बॉडीत, तिथून टोनआर्मची नळी, हेडशेल, कार्ट्रिजची बॉडी, पट्टी, आणि डाव्या चॅनलच्या ऋण वायरीने फोनो स्टेजला. टोनआर्मच्या आतली तार केसाइतकी बारीक. तिचा अर्धा ओम आणि केबलच्या शील्डचा ०.०५ धरून ०.५५ ओम. १५९ मायक्रोअँपिअर गुणिले ०.५५ म्हणजे ८७ मायक्रोव्होल्ट, गुणिले ७०० म्हणजे ६१ मिलिव्होल्ट. मीटर ५८ दाखवत होता.

चिमटा कापून वायर सोलली, नवा चिमटा दाबून वर सोल्डरचा थेंब दिला. मीटरच्या प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून नळी ते चिमटा ०.२ ओम. आता चित्र सुधारलं, पण अपेक्षेइतकं नाही: डावा ५८ वरून १६ मिलिव्होल्ट. सव्वाअकरा डेसिबलच्या आसपास घट. इथे बरेच जण थांबतात आणि 'टर्नटेबल म्हटलं की थोडी घूं असायचीच' असं म्हणून मोकळे होतात. पण हिशेब सांगतो की ग्राउंड वायर आणि पट्टी या आता दोन समांतर वाटा आहेत, ०.२ आणि ०.५५ ओमच्या, प्रवाहाचा पाव हिस्सा अजूनही सिग्नलच्या तारेतून जातोय. पाव हिस्सा म्हणजे बरोबर ते १६ मिलिव्होल्ट.

पट्टी चिमट्याने अलगद सरकवून काढली. हे करण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या: हेडशेल धातूचं आहे आणि हेडशेल ते ग्राउंड वायर कंटिन्यूटी आहे. हेडशेल प्लास्टिकचं असेल तर पट्टी काढू नये. कार्ट्रिजची बॉडी अधांतरी राहते आणि घूं उलट वाढते. पट्टी काढल्यावर दोन्ही चॅनल १.२ मिलिव्होल्ट. उजव्यातले आधीचे ४ सुद्धा उतरले, कारण अधांतरी टोनआर्म दोन्ही वायरींत घूं टिपत होता.

उरलेले १.२ वेगळ्याच जातीचे होते: मऊ, निव्वळ ५० हर्ट्झ. फोनो स्टेजची डबी हातात धरून फिरवली की आवाज कमी-जास्त व्हायचा. चुंबकीय क्षेत्राची ही खूण. डबी अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावर, ट्रान्सफॉर्मरपासून वीतभरावर ठेवलेली होती. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरतं. अंतर दुप्पट झालं की १८ डेसिबल घट. १५ सेंटिमीटरवरून ४५ वर नेली, सत्तावीस पट घट अपेक्षित. मीटर ०.३ वर आला, शॉर्टिंग प्लगच्या ०.२५ ला जवळजवळ टेकला. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मध्ये घालण्याचा प्रयोग लोक करतात, पण कारखान्यातून येतो तसल्या पातळ पत्र्याला ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र जुमानत नाही. जागा हाच उपाय.

टोनआर्म प्लॅटरवर (फिरत्या थाळीवर) आत-बाहेर हलवून मोटरची घूं येते का तेही पाहिलं, आली नाही.

जे स्पीकरमधून येतच नव्हतं

मध्येच कधीतरी अ‍ॅम्प्लिफायरची पेटीच गुरगुरायची. स्पीकर काढले तरी. ही विद्युत घूं नव्हे, टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचं शरीर थरथरतं. मेन्समध्ये थोडंसं डीसी मिसळलं की टोरॉइडचा गाभा एका बाजूने भरून येतो. निम्म्या उष्णतेवर चालणारा हेअर ड्रायर डायोडने अर्धी लाट कापतो, आणि गुरगुर नेमकी तेवढ्याच वेळात होते हे वहीत दिसलं. डायोड आणि मोठ्या कपॅसिटरचा डीसी ब्लॉकर यावर चालतो, पण तो मेन्सच्या वाटेत बसतो, जाणकारानेच करायचं काम. केस वाळवण्याच्या पाच मिनिटांसाठी केला नाही.

फ्रिज बंद होतानाची 'टक्' आणि दिव्याच्या डिमरची भणभण याही वहीत होत्या. डिमर पूर्ण उजेडावर किंवा बंद ठेवला की भणभण जाते, मधल्या उजेडाला सगळ्यात जास्त. सबवूफरची वायर हलवल्यावर 'टक्' अर्धी झाली होती आणि उरलेल्यावर कुणी हरकत घेतली नाही.

शेवटी राहिला तो फिल्टरवाला बोर्ड. त्याच्या आत फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन वाय-कपॅसिटर होते, म्हणजे तो स्वतःच अर्थच्या वायरीत गळती ओतत होता. काढून साधा, जाड तारेचा बोर्ड लावला आणि अ‍ॅम्प्लिफायर ते सबवूफर कड्यांमध्ये पुन्हा मीटर धरला. २.४ चे १.९ मिलिव्होल्ट झाले होते.